मुकाश बाइके आणि शेवटचा पीळ

त्या सकाळी मी बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होते. लग्नघरात कढई खाली उतरत नाही, आणि आमच्याकडे तर माझ्या धाकट्या दिराचं, तिलेकचं लग्न. घरभर तेलाचा वास कोंडलेला. माझा नवरा कुबात एक मोजा शोधत फिरत होता आणि तो मोजा त्याच्याच खांद्यावर होता. सासूबाई, म्हणजे आपा, खिडकीपाशी बसून नव्या सुनेवर उधळायच्या गोळ्या निवडत होत्या. फुटक्या गोळ्या बाजूला काढायच्या आणि बाजूला काढलेल्या तोंडात टाकायच्या. तिलेक पहाटेच निघून गेला होता, घाटापलीकडे तलासला, नवरी आणायला. बाकीचे पाहुणे आदल्या दिवशीच गेले होते. याच्या गाडीचं काम व्हायचं होतं म्हणून हा मागे राहिला होता.

दार वाजलं.

शेजारचे मेकॅनिक मुकाश बाइके (थोरल्या पुरुषाला आमच्याकडे बाइके म्हणतात) दार कसं वाजवतात हे मला ठाऊक आहे. बोटाच्या पेरानं एकदाच टकटक, आणि ऐकू नाही गेलं तर गुपचूप परत जायचं. त्यामुळे कुणीतरी तळहातानं दार थोपटतंय म्हटल्यावर बाइके असतील असं मनातही आलं नाही. उघडलं तर तेच. पायात घरातल्या सपाता, सपातांवर बर्फ. आणि हात स्वच्छ. इतक्या वर्षांत त्यांच्या नखांतलं काळं मी कधी गेलेलं पाहिलं नव्हतं. आज ते हात घासून घासून लालभडक झाले होते.

"सोनुन," ते अगदी हळू म्हणाले, "तिलेक निघाला?"

"केव्हाच. का हो बाइके?"

"फोन लाव त्याला. म्हणावं, आहे तिथे थांब. इंजिन बंद कर."

"झालं काय?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. आपांची पाठ दिसत होती. "एक बोल्ट," ते म्हणाले. "शेवटचा पीळ दिला की नाही, मला आठवत नाही."

हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, एक बोल्ट ना, बघू संध्याकाळी. पण हे मुकाश बाइके म्हणत होते, आणि त्यांना मी ओळखते.

आमच्या इमारतीच्या मागे पत्र्याच्या गॅरेजांची रांग आहे. बिश्केकमध्ये अशा रांगा गल्लोगल्ली. कुणी त्यात बटाटे ठेवतो, कुणी बायकोपासून लपून पत्ते खेळतो. मुकाश बाइकेंच्या गॅरेजात जमिनीत एक खड्डा आहे, माणूस उभा राहील एवढा, आणि त्या खड्ड्यात त्यांचं आयुष्य गेलं. गाडी वर उभी करायची, आपण खाली उतरायचं. बायको मॉस्कोत कामाला. ती वर्षातून एकदा येते, पडदे धुते, नवऱ्यावर ओरडते आणि जाते. म्हणून जेवण बऱ्याचदा आमच्याकडे. शहरातल्या साऱ्या वेगवान गाड्या फिरून फिरून शेवटी त्यांच्याकडेच येतात. पोरं कुजबुजतात, "इंजिनच्या पोटातलं काम ना? मग म्हाताऱ्याकडे ने. तो भित्रा आहे, पण त्याच्या हातचं इंजिन फुटत नाही."

भित्रे तर आहेतच. इंजिन खोलताना प्रत्येक सुटा भाग अंड्यांच्या पुठ्ठ्यात ठेवतात, ज्याच्या त्याच्या खळग्यात. एका दांड्याचं टोपण दुसऱ्याला लागलं तर इंजिन गेलं, म्हणून. ते पुठ्ठे आमच्या इमारतीतल्या बायका त्यांना साठवून देतात. आणि नखांचा रंगही. सुकत आलेली बाटली कुणी फेकत नाही, मुकाश बाइकेंना देते. एक बोल्ट पूर्ण आवळून झाला की ते त्यावर रंगाची रेघ ओढतात. शहरातल्या गुरगुरणाऱ्या काळ्या गाड्यांच्या पोटात गुलाबी आणि चंदेरी रेघा आहेत हे त्यांच्या मालकांना माहीत नाही. आम्हा बायकांना माहीत आहे.

तिलेकची गाडी जर्मन, आठ सिलिंडरची, जुनी पण अजून मस्तीत. आमच्याकडच्या तरुणांची एक वाईट खोड आहे. नवरी माहेरचा उंबरा ओलांडते तेव्हा बाहेर उभ्या गाड्या डरकाळ्या फोडायला लागतात. जितकी मोठी डरकाळी तितका नवरदेवाचा मान. बाहेर कडाक्याची थंडी, इंजिन नुकतं चालू केलेलं, तेल मधासारखं घट्ट, आणि हे पाय दाबून बसतात. मित्रांच्या लग्नांतून तिलेकनं हेच केलं, आणि इंजिनातून बारीक ठोका यायला लागला. मुकाश बाइकेंनी लाकडी काठीचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावलं, आणि म्हणाले, "बेअरिंगं."

नंतर त्यांनी ती मला दाखवली होती. पिस्टनचा दांडा खालच्या फिरत्या दांड्याला मिठी मारून असतो आणि त्या मिठीत दोन अर्ध्या बांगड्या बसवलेल्या असतात. तीच बेअरिंगं. राखाडी, गुळगुळीत. तिलेकच्या गाडीतली झिजून आत तांबं दिसायला लागलं होतं. ती मिठी धरून ठेवतात दोन बोल्ट. नवे बोल्ट आधी बेताने आवळायचे, मग आणखी, आणि सगळ्यांत शेवटी एक मोठा पीळ द्यायचा. त्या पिळानं बोल्ट किंचित ताणला जातो आणि मग सुटत नाही. तो पीळ द्यायला बाइकेंना खड्ड्यात पाय रोवून सगळं अंग टाकावं लागतं.

"आणि नसेल दिला तर?" मी दारातच विचारलं.

"तर इंजिन चांगलं चालेल. आनंदानं चालेल. मग घाटात कुठेतरी मिठी सुटेल. दांडा इंजिन फोडून बाहेर येईल, आणि सगळं तेल मागच्या चाकांखाली."

माझ्या हातात अजून झारा होता. त्यातून तेल ठिबकत होतं.

"पण बाइके, तुम्ही रेघ ओढता ना?"

"ओढली. तीच तर..." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "काल मी त्या बोल्टाला पाना लावला, आणि वरून आपांनी हाक मारली."

मला सगळं कळलं. काल आपा टोपलीत नान घेऊन गॅरेजवर गेल्या होत्या. मुलाची गाडी नवरी आणायला जाणार, तर गाडी दुरुस्त करणाऱ्यानं नान मोडायला नको? आणि आमच्याकडे समोर आणलेल्या नानला नाही म्हणत नाहीत. हातात काहीही असो, खाली ठेवायचं, तुकडा मोडायचा, तोंडात टाकायचा. नान झाला की दुवा. थोरलं माणूस दुवा मागतं तेव्हा तळहात वर करून उभं राहायचं, ते संपेपर्यंत. आपांची दुवा लवकर संपत नाही. त्यात सात पिढ्यांचे पूर्वज येतात, त्यांच्या मेंढ्या येतात, नव्या सुनेची कूस येते, आणि मध्येच कुणाचं नाव राहिलं तर आपा मागे जाऊन ते घेऊन येतात. बाइके तळहात वर करून उभे, कोपरापर्यंत तेल ओघळतंय, तरी उभे. शेवटी ओमीन म्हणून तोंडावरून हात फिरवला आणि खड्ड्यात उतरले.

"उतरलो, आणि हाताला आधी रंगाची बाटली लागली," ते म्हणाले. "बाकीच्या प्रत्येक बोल्टाची कळ खांद्यात आहे. आज पहाटे उठलो, खांदा चोळायला लागलो आणि एकेक आठवत गेलो. त्या एकाची कळ आठवत नाही. फक्त नान आठवतोय."

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण आहे गं? मुकाश का? दारातून परत पाठवू नकोस त्याला! नान मोडून जा म्हणावं!"

बाइकेंचा चेहरा पांढरा पडला. तरी ते आत आले, वाकून सलाम केला, तुकडा मोडला. तो गालातच धरून ठेवला. आपा म्हणाल्या, "चाव की. काल केवढा खाल्लास!"

मी स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. लागत नव्हता. पुन्हा लावला. घाटाच्या पायथ्यानंतर फोन लागत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, तरी मी लावत राहिले. कुबातला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं एकच मोजा घातला आणि बूट चढवायला लागला.

आपांना काय सांगायचं? तुमच्या दुवेच्या वेळी बोल्ट राहिला, हे कोण सांगणार? मी कपाटातून कुबातचा नवा चपान, म्हणजे मानाचा लांब अंगरखा, ओढला, चादरीत गुंडाळला आणि म्हटलं, "आपा, व्याह्यांना घालायचा चपान इथेच राहिला की! आम्ही देऊन येतो."

"राहिला? मी माझ्या हातानं बांधला होता!"

"तो तिलेकच्या मामेसासऱ्याचा होता."

"तुझं डोकं कुठे असतं गं, सोनुन?" आपा म्हणाल्या. "आणि हा मुकाश कशाला सोबत?"

"मला घाट बघायचाय," बाइके म्हणाले. इतकं वाईट खोटं मी आजवर ऐकलं नाही, कारण मुकाश बाइके त्या घाटात पुन्हा पाऊल टाकणार नाहीत हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. आपा त्यांच्याकडे बघत राहिल्या. तोंडातली गोळी चघळायची थांबली.

आमची गाडी जुनी. उजव्या बाजूला दार चेपलेलं, ते आतून दोरीनं बांधतो. बाइके पुढे बसले आणि ती दोरी दोन्ही हातांनी धरून ठेवली. कारा-बाल्टा गाव मागे पडलं, रस्ता दरीत शिरला, कडेनं बर्फ वाढत गेलं. बाइके रस्त्याकडे बघत होते, समोर नव्हे, खाली. मीही बघायला लागले. पांढऱ्या बर्फावर काळा डाग दिसला की पुढे वाकायचे.

"थांबव!" बाइके म्हणाले.

कुबात थांबला. बाइके उतरले, डागाला बोट लावलं, नाकाशी नेलं. "चहा," म्हणाले. कुणीतरी थर्मासातला उरलेला चहा ओतला होता.

पुढच्या वळणावर पुन्हा थांबव. काजळी होती. मग पुन्हा. मेंढ्यांची लेंडकं.

"बाइके, असं केलं तर तिलेकला पोरं होतील तोवर पोचू आपण," कुबात म्हणाला. त्याचा आवाज थट्टेचा होता, पण स्टिअरिंगवरची बोटं पांढरी झाली होती. तिलेक त्याचा सख्खा भाऊ आहे.

वळणं सुरू झाली तेव्हा बाइके आपणहून बोलायला लागले. सलग नाही, एक वळण गेलं की एक वाक्य. तरुणपणी ते याच घाटात लॉरी चालवायचे. पुढे मित्राची लॉरी होती, जुमाशची. इंजिन दुसऱ्या कुणी जोडलं होतं. आधी आवाज आला, लोखंडी बादलीत दगड टाकल्यासारखा. मग रस्ता काळा झाला. जुमाशची लॉरी अगदी सावकाश वळली, कुणीतरी हातानं वळवल्यासारखी, आणि कड्याशी थांबली नाही.

"मी मागे होतो," बाइके म्हणाले. "माझी चाकं त्याच्या तेलावर होती. मी ब्रेकला हात... पाय लावला नाही. म्हणून राहिलो."

मी मागच्या सीटवर चपानचं गाठोडं छातीशी धरून बसले होते.

बोगद्याच्या अलीकडे गाड्या थांबलेल्या दिसल्या. वरून बर्फ घसरलं होतं, ते काढायचं काम चालू होतं, म्हणून बोगदा बंद. माणसं खाली उतरून हातपाय झाडत होती. एक बाई गाडीच्या डिकीतून गरम समसे, म्हणजे मांस भरलेले भाजके सामोसे, विकत होती. आणि रांगेत पुढे, फिती आणि फुलं लावलेली, काळी चकचकीत, तिलेकची गाडी. बॉनेट उघडं. भोवती पोरांचा घोळका.

"अरे दाब ना एकदा!" कुणीतरी म्हणत होतं. "नुसती फितीच दाखवतोस काय? की नवरीला विचारायला लागतं?"

"बघच आता," तिलेक म्हणाला आणि दार उघडून आत बसला.

मुकाश बाइकेंना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. शब्द नव्हताच तो. सगळी रांग वळून बघायला लागली. म्हातारा सपाता घातलेल्या पायांनी बर्फातून धावला, दोनदा पडला, दारातून आत वाकला आणि किल्ली फिरवून उपसून घेतली. इंजिन थांबलं. एकदम इतकी शांतता झाली की समसे बांधायच्या कागदाचा आवाज ऐकू आला.

"बाइके?" तिलेक चकित. "तुम्ही? इथे? आपाला काही..."

"तुझी आपा ठणठणीत आहे. उतर."

"पण झालं काय? ऐका तरी, कशी गातेय!"

"गातेय म्हणूनच म्हणतो, उतर."

बाइकेंना राहवेना. खाली तेल गळतंय का बघायला ते बर्फावर आडवे व्हायला लागले. मी धावत जाऊन गाठोडं सोडलं आणि कुबातचा नवा चपान त्यांच्या खाली टाकला. पोरं हसली. एक म्हणाला, "वा! व्याह्याच्या आधी मेकॅनिकला पोशाख!" बाइके गाडीखालून बाहेर आले तेव्हा दाढीला बर्फ होता. तेल गळत नव्हतं. त्यानं काहीच सिद्ध होत नाही, असं ते म्हणाले.

"माझी चूक आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "एक बोल्ट माझ्याकडून राहिला असेल. नसेलही. पण ही गाडी बोगद्यात जाणार नाही."

"बाइके, आपांनी काल या गाडीला दुवा दिलीय!" तिलेक जवळजवळ रडकुंडीला आला होता. "तिकडे अख्खं तलास वाट बघतंय. मी काय सांगू, म्हाताऱ्याला आठवत नाही म्हणून आलो नाही?"

दुवा म्हणताच बाइकेंनी माझ्याकडे पाहिलं. सांगू नका म्हणून मी मान हलवली. ते एवढंच म्हणाले, "दुवा मिळाली म्हणूनच इथे थांबलास. नाहीतर बोगदा उघडा असता."

कुबातनं आपल्या गाडीची किल्ली तिलेकपुढे धरली.

"यातून? दोरीनं बांधलेलं दार? नवरी या दारातून उतरणार?"

"डावं दार उघडतं," कुबात म्हणाला. "आणि मी चालवतो. तू नीट बस आणि भांग पाड."

फिती सोडून आमच्या जुन्या गाडीला बांधल्या. चेपलेल्या दारावर फुलं लावली. बोगदा उघडल्यावर दोघे भाऊ गेले, तिलेक मागे न बघता. घाटात अडकलेल्या गाड्या उचलणारा एक ट्रक तिथे उभाच होता. त्यावर काळी गाडी चढवली आणि मी आणि बाइके ट्रकवाल्याशेजारी बसून परत आलो. उतारावर सगळा वेळ बाइकेंनी डोळे मिटून घेतले होते. ट्रकवाल्यानं विचारलं, "आजोबांना गाडी लागते का?" मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी नवरी आली. दाराच्या दोरीसकट आली. गल्लीनं टोमणे मारले, आपांनी गोळ्या उधळल्या आणि माझ्याकडे एक नजर टाकली. ती नजर कुबातच्या अंगावरच्या चपानच्या चिखलाच्या डागावर येऊन थांबली.

वर ढोल आणि गाणी चालली होती तेव्हा मी ताट झाकून गॅरेजात गेले. बाइके आदल्या संध्याकाळपासून खड्ड्यातच होते. इंजिन वरून टांगून धरलेलं, खालचं तेलाचं चेंबर उतरवलेलं. आत आठ दांडे दिसत होते आणि बोल्टांवर गुलाबी रेघा. माझ्याच बाटलीतला रंग.

"बरी आलीस," ते म्हणाले. "मी थांबलो होतो. एकट्यानं बघवेना. दिवा धर."

मी शिडीवरून खाली उतरले आणि दिवा धरला. त्यांनी लांब पाना त्या बोल्टाला लावला. पाय रोवले नाहीत, अंग टाकलं नाही. नुसता मनगटानं हलकेच ओढला.

पाना फिरला. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरतं तसा, काही आवाज न करता.

गुलाबी रेघ अर्धी इकडे, अर्धी तिकडे झाली.

बाइकेंनी टोपण काढलं, आतली अर्धी बांगडी दिव्यापाशी धरली. नवी कोरी होती ती, आणि एका कडेला आताच चकाकणारा ओरखडा उठला होता. जरा जोराचा पाय पडला असता, एकच डरकाळी... मी तो ओरखडा बघत राहिले. बाइके शिडीच्या पायरीवर बसले.

"तुम्ही गेलात म्हणून तो वाचला," मी म्हटलं.

"आठवलं म्हणून," ते म्हणाले. "नसतं आठवलं तर? आणि पुढच्या वेळी?"

बाहेर बर्फ चुरडत पावलं आली. दोन जणींची.

"मुकाश!" वरून आपांचा आवाज. "अरे खड्ड्यात काय बसलास? हात पूस, वर ये! नव्या सुनेनं पहिला नान भाजलाय. तुझ्याशिवाय कसा मोडायचा? दुवाही देऊन टाकते!"

बाइकेंच्या एका हातात पाना होता, दुसऱ्या हातात नवा बोल्ट. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"सोनुन," ते म्हणाले, "माझ्या हातात पाना असेल तेव्हा कुणी नान आणला, तर माझा तुकडा तू मोडशील?"